अठराची काच

"अठरा लिही आणि बाहेर ये," मी म्हटलं. "जीप उन्हात तापतेय, ड्रायव्हर उपाशी आहे, आणि तू इथं काचेच्या तुकड्यापायी डोळ्यांतून पाणी काढतेस."

हेमलता, माझी थोरली सून, प्रयोगशाळेच्या दाराबाहेर माठापाशी उभी होती. हातात पाण्याचा ग्लास, पण पीत नव्हती. बोटं शाईने बरबटलेली, केस कपाळाला चिकटलेले. आमच्या घरची सून चारचौघांत अशी उभी राहील असं कुणी मला आधी सांगितलं असतं, तर मी त्याला पायरीवरूनच परत पाठवला असता.

"अठरा येतच नाही, आत्याबाई," ती म्हणाली. "मी पुन्हा पुन्हा मोजलं. सव्वीस येतं."

"सगळ्या कॉलेजला अठरा येतं, आणि तुला एकटीला सव्वीस. तू काय वेगळे डोळे घेऊन आलीस माहेरून?"

 उलट बोलायची पद्धतच नव्हती आमच्याकडे. तिने पाणी ओतून ग्लास माठावर पालथा घातला आणि आत गेली.

मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून होते. कॉलेजच्या बाकावर बसायची मला हौस नव्हती. पण आमच्या घरची सून एकटी कुठे जात नाही, आणि नोकरमाणसांच्या भरवशावर मी तिला पाठवत नाही. म्हणून तिच्या प्रत्येक परीक्षेला मी बाहेर बसायची. ती आत लिहायची, मी बाहेर मास्तरलोकांच्या विजारी मोजायची. एकाचीही धड इस्त्री नाही.

मी स्वतः दुसरी पास. तिसरीत असताना वडिलांनी शाळेतून काढलं, आणि पुढे माझं काही अडलं नाही. मालक गेल्यावर तेलाची गिरणी मी चालवली, चार चुलत दिरांना कोर्टात हरवलं, आणि वकिलाला मराठी बोलायला शिकवलं. शिकलेल्या माणसांबद्दल मला आदर नाही असं लोक म्हणतात. खोटं आहे. मला दाखवा कुणी आदर करण्यासारखा, मी उभी राहीन.

हेमलता बी.एस्सी.ची दोन वर्षं करून आमच्याकडे आली होती. माझा थोरला उद्धव, गिरणीतल्या बैलासारखा गरीब. आयुष्यात माझ्यापुढे तो एकदाच तोंड उघडून बोलला, "आई, तिचं शेवटचं वर्ष होऊ दे." गावात मुलींची शाळा नवी निघाली होती, शास्त्र शिकवायला बाई हवी होती, आणि हिच्या डोक्यात ते भरलं होतं. मी म्हटलं, "एकदाच. पास झाली तर शाळेत जाऊ दे. नापास झाली तर पुन्हा पुस्तकाचं नाव घरात निघणार नाही." माझा शब्द घरात सगळ्यांना माहीत होता. म्हणून ती माठापाशी रडत होती.

आणि त्याच वर्गात माझा धाकटा होता. जयवंत. गोरापान, मालकांचं नाक, माझं डोकं. त्याची परीक्षा सकाळच्या तुकडीत झाली होती. चिठ्ठी काढली, तर हाच प्रयोग, हीच काच. तासाभरात बाहेर येऊन माझ्याशेजारी बसून संत्रं सोलत होता.

"काय असतं रे ते?" मी त्याला विचारलं होतं.

"स्फेरोमीटर. तीन पायांची तिवई समज, आणि मधोमध स्क्रू. आधी सपाट काचेवर ठेवायची, स्क्रू टेकवायचा, आकडा घ्यायचा. मग फुगीर काचेवर ठेवायची, परत आकडा घ्यायचा. दोन्हींतल्या फरकावरून काच किती फुगलीय ते कळतं. कमी फुगीर असली की आकडा मोठा येतो, जास्त असली की लहान."

"कुणाला कळायला हवंय ते?"

"कुणालाच नाही," तो हसला. "प्रयोग आहे."

"मग तुझं किती आलं?"

"अठरा सेंटिमीटर. सगळ्यांचं अठराच येतं. गेल्या वर्षीच्या पोरांनी सांगून ठेवलेलं असतं. अठरा धरायचे आणि स्क्रूचे आकडे उलट काढायचे. मोजत कोण बसतो?"

मला त्याचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, याला जगात अडचण येणार नाही. तो संत्र्याच्या बिया माझ्या हातावर देऊन मित्रांकडे गेला.

हेमलता आत गेली आणि लगेच कुलथे सर बाहेर आले. पदार्थविज्ञानाचे मुख्य. लठ्ठ माणूस, घामाने सदरा पाठीला चिकटलेला. कॉलेजची जमीन माझ्या सासऱ्यांनी दिलेली, त्यामुळे हा माझ्यापुढे आला की कमरेतून वाकायचा. त्याला पाठीचं दुखणं आहे असं मी बरीच वर्षं समजत होते.

"आक्कासाहेब, जरा सूनबाईंना समजावता का? बाहेरून आलेले परीक्षक फार कडक आहेत, देवस्थळी म्हणून. सव्वीस पाहिलं तर शून्य देतील. मी हळूच सांगितलं त्यांना, अठरा लिहा. ऐकत नाहीत."

"ऐकत नाही?" मला खरंच नवल वाटलं. "हेमलता?"

"नाही म्हणतात. म्हणतात, दिसतं ते लिहिते."

मी उठले. घरात जी पोरगी विचारल्याशिवाय भाजीत मीठ घालत नाही, ती इथं मास्तरला नाही म्हणते, म्हणजे बघायलाच हवं होतं.

आत गॅसचा वास, लांबच लांब टेबलं, भिंतीवर सरस्वतीचा फोटो आणि त्याला वाळून काळा पडलेला हार. बाकीची मुलं संपवून गेली होती. हेमलता कोपऱ्यातल्या टेबलाशी उभी. तिच्यासमोर एक सपाट काच, एक बशीसारखी फुगीर काच, आणि ती पितळी तिवई. एवढीशी. कोळ्याचे पाय तोडून तीनच ठेवावेत तशी. एवढ्याशा वस्तूसाठी माझा अख्खा दिवस गेला होता.

परीक्षक खुर्चीत बसून चहात बिस्कीट बुडवत होता. वाळलेला माणूस, गळ्यापर्यंत बटण.

"या कोण?" त्याने कुलथ्यांना विचारलं. मला नाही.

"हिची सासू," मी म्हटलं.

"परीक्षेच्या ठिकाणी पालकांना परवानगी नाही."

"मी पालक नाही. मी जमिनीची मालकीण होते. आता बोला."

कुलथे मधे पडले, हात चोळत काहीतरी पुटपुटले. परीक्षकाने बिस्कीट तोंडात टाकलं आणि हेमलताचा कागद दोन बोटांत धरून वर उचलला, जसं काही ओल्या फडक्याला हात लावतोय.

"बघा, बाई. वर्षानुवर्षं या कॉलेजात हा प्रयोग होतो. मी याआधीही इथे परीक्षेला आलोय. या काचेचं उत्तर अठरा. तुमच्या सूनबाई लिहितात सव्वीस. थोडं इकडेतिकडे मी समजू शकतो. हे म्हणजे मुंबईला निघून नागपूरला उतरण्यासारखं झालं. सांगितलं तर दुरुस्तही करत नाहीत. संसारात पडलेल्या बायकांनी पोळ्या लाटाव्यात, हे कशाला?"

"पोळ्या?" मी म्हटलं. "तिच्या पोळ्या तुम्ही खाल्ल्या नाहीत म्हणून बोलताय. कडा जाड, मधे कच्च्या. तिथं तिचं काही व्हायचं नाही. म्हणून तर इथं आणली."

हेमलताने मान वर केली नाही, पण कान लाल झाले.

"तुम्ही मोजलीत का ही काच?" मी विचारलं.

"मी परीक्षक आहे."

"म्हणजे नाही मोजलीत."

"बाई, मला मोजायची गरज नाही."

"माझ्या गिरणीवर तेलाचा डबा भरला की मुकादम म्हणतो, भरला. मी म्हणते, झाकण काढ. तो कधी म्हणत नाही की गरज नाही. कारण त्याला माहीत आहे, त्याचं दुसऱ्या दिवशी काय होईल. तुम्हाला येत नसेल तर तसं सांगा, त्यात लाज नाही. मला पण येत नाही."

त्याने कप खाली ठेवला. अपमान झाला की वाळकी माणसं जास्तच वाळतात. उठला, बाह्या दुमडल्या, हेमलताला हाताने बाजूला सारलं आणि तिवई सपाट काचेवर ठेवली. वाकून स्क्रू फिरवला. आकडा लिहिला. मग फुगीर काचेवर ठेवली, तिचे तिन्ही पाय नीट टेकेपर्यंत थांबला, परत वाकला. हे सगळं त्याने छान केलं, मी नाही म्हणणार नाही. हात स्वच्छ चालत होता. मग गणित मांडलं. मांडलं आणि खोडलं. परत सपाट काच, परत फुगीर. कपात चहावर साय धरली.

"पंचवीस पूर्णांक आठ," तो म्हणाला. फार हळू म्हणाला.

"म्हणजे सव्वीसच की," मी म्हटलं.

"म्हणजे सव्वीसच," हेमलता म्हणाली.

त्याने फुगीर काच उचलली, उजेडात धरली. "कुलथे, ही काच नेहमीची नाही. त्या काचेच्या कडेला कंपनीचा नंबर होता. ही कुठून आली?"

कुलथ्यांनी शिपायाकडे पाहिलं. लिंबाजी नावाचा शिपाई, दारामागे बाटल्या पुसत असल्यासारखं करत होता. लिंबाजीने सरस्वतीकडे पाहिलं. तिने काही उत्तर दिलं नाही, म्हणून मग तोच बोलला.

"खंडेनवमीला फुटली साहेब ती. पूजा मांडली होती इथं सगळ्या यंत्रांची. मी म्हटलं, नारळ बाहेर पायरीवर फोडू. सर म्हणाले, यंत्रांची पूजा यंत्रांपुढेच व्हायला पाहिजे. टेबलाच्या कोपऱ्यावर फोडला. अर्धी कवड उडाली ती थेट काचेवर."

"लिंबाजी!" कुलथे म्हणाले.

"मग सर म्हणाले, तेवढ्याच मापाची बघून आण. घड्याळजीकडं गजराच्या घड्याळाची जुनी काच होती. ठेवून बघितली, बरोबर बसली. गोलच होती की ती पण."

मला इतकं हसू आलं की टेबलाचा आधार घ्यावा लागला. काच किती फुगीर आहे ते मोजायचं यंत्र समोर, मोजायला शिकवणारा माणूस समोर, आणि काच बदलली ती डोळ्याच्या अंदाजाने. घरात मी विळी हरवली तर दुसरी विळी धार बघून घेते.

"खंडेनवमीपासून?" परीक्षक म्हणाला. "म्हणजे सहा महिने मुलं हीच काच वापरतायत. आणि या आठवड्यात ज्यांना ज्यांना हा प्रयोग आला, त्या सगळ्यांनी अठरा लिहिलं. रीडिंगसकट. सुंदर अक्षरात."

"त्यांनी काचेकडे बघितलंच नाही," हेमलता म्हणाली.

तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला लग्नानंतर दोन वर्षांनी त्या दिवशी कळलं.

कुलथ्यांनी जाऊन दार लोटलं. परत आले ते मऊ होऊन. "झालं गेलं. आता मार्ग काढू. सूनबाईंनी अठरा लिहावं. कागदावर सगळं एकसारखं दिसेल. सर त्यांना पैकीच्या पैकी मार्क देतील. काय सर?"

देवस्थळी चष्मा पुसत होता. बराच वेळ पुसला. "नाहीतर मला सगळं विद्यापीठाला कळवावं लागेल," तो म्हणाला. "चौकशी, फेरपरीक्षा. तसं... सोयीचं आहे हे."

"आत्ता तुम्हीच सव्वीस काढलंत," मी म्हटलं. "शाई वाळली नाही अजून."

"आक्कासाहेब," कुलथे माझ्या कानाशी आले. तोंडाला सुपारीचा वास. "तुम्ही समजून घ्या. यांचं सव्वीस खरं धरलं, तर अठरा लिहिणाऱ्यांचं खोटं धरावं लागेल. एकेकाचं. त्यात आपले जयवंतराव आहेत. सकाळच्या तुकडीत."

तेव्हा मी खुर्ची ओढून बसले.

मला हिशोब लगेच कळला. हेमलताने दोन आकडे बदलायचे. ती पास, तोही पास, माझा शब्द राहिला, जमीन दिलेल्या घराण्याची शोभा राहिली. नाहीतर माझ्या पोराचं वर्ष जाणार, तेही सुनेपायी. मगाशी बाहेर मीच तिला अठरा लिही म्हटलं होतं. हेमलता माझ्याकडे बघत होती. पेन हातात होतं. मी म्हटलं असतं तर तिने लिहिलं असतं, याबद्दल मला शंका नव्हती. तिने मास्तरला नाही म्हटलं होतं, मला नाही.

"थांब," मी तिला म्हटलं. "लिंबाजी, जयवंतला बोलाव."

जयवंत आला तो भांग पाडून. "काय झालं, आई?"

"काही नाही. ती काच मोजून दाखव मला. मी कधी बघितलं नाही."

मी त्याला दुसरं काही सांगितलं नाही, आणि कुणाला सांगू दिलं नाही. कुलथे तोंड उघडायला लागले तेव्हा मी नुसतं बघितलं. मला वाटलं, माझा आहे. एकदा बसला की त्याला दिसेल. मग मी सगळ्यांना सांगेन की बघा, त्यालाही सव्वीस येतं, सकाळी घाई झाली. तेवढं मला पुरलं असतं. त्याच्यासाठी मी त्या वाळक्या माणसाशी संध्याकाळपर्यंत भांडले असते.

जयवंतने तिवई उचलली आणि फुगीर काचेवर ठेवली. सपाट काच त्याने घेतलीच नाही. स्क्रू फिरवला, फिरवतच राहिला, तिवई एका पायावर डुगडुगायला लागली. तो बघत होता कुलथ्यांकडे.

"अठरा," तो म्हणाला.

"बघ की नीट."

"बघितलं. अठराच येतं, आई."

"अरे, मान तरी वाकव."

तो हसला. मोठं गोड हसायचा. बाजूच्या माणसांनाही त्या हसण्यात घेत म्हणाला, "आई, तुला यातलं काय कळतं?"

"खरंय," मी म्हटलं. "मला यातलं काही कळत नाही." मग परीक्षकाकडे वळले. "याचं खोटं धरा."

"आई!"

"आक्कासाहेब, विचार करा, पोराचं वर्ष—"

"पोराचं जाईल. तुमचं तर केव्हाच गेलंय, कुलथे. आणि साहेब, तुम्ही. तुम्हाला मोजता येतं. हात बघितला मी तुमचा. येत असून सोयीचं म्हणालात. याला निदान येत नाही."

त्या वाळक्या माणसाला ते लागलं असावं. त्याने चष्मा लावला, हेमलताच्या कागदावर काहीतरी लिहून सही केली, आणि कुलथ्यांना म्हणाला, "अठरावाल्या सगळ्यांना उद्या परत बसवा. याच काचेवर." हेमलताला त्याने किती मार्क दिले ते मी विचारलं नाही. पास झाली एवढं पुढे निकालात आलं.

दुसऱ्या दिवशी मुलं बसली. बहुतेकांनी मोजलं, बहुतेक सुटली. जयवंत गेला नाही. "त्या तिवईपुढे मी परत बसणार नाही," म्हणाला, आणि बोलल्यासारखा कधीच बसला नाही. आज गिरणी तोच बघतो. पाटीवर नावापुढे बी.एस्सी. लिहिलंय. मी खोडायला लावत नाही, रंग फुकट जाईल. हेमलता शाळेत लागली आणि पुढे तिची जीभ इतकी चालायला लागली की घरात मला कधीकधी गप्प बसावं लागतं. कोण कुणामुळे बिघडलं हे आता कुणी सांगू शकत नाही.

पण त्या दिवशीचं राहिलं. जीपमध्ये जयवंत पुढे ड्रायव्हरशेजारी बसला, आम्ही दोघी मागे. रस्ता खड्ड्यांचा. साखर कारखान्याच्या चढावर गाडी हळू झाली तेव्हा हेमलता म्हणाली, "आत्याबाई, एक विचारू?"

"आज सगळ्यांनी विचारलंय. तूही विचार."

"बाहेर माठापाशी तुम्ही मला म्हणालात, अठरा लिही."

"म्हणाले."

"मी लिहिलं असतं तर?"

"तर पास झाली असतीस. डोळे पुसावे लागले नसते, मला त्या घाणेरड्या वासात जावं लागलं नसतं."

"आणि तुम्ही?"

"मी काय," मी म्हटलं. "मी तुला जन्मभर पोटच्या पोरासारखी समजले असते."

ती हसायला लागली, मग पुढच्या सीटवरच्या पाठीकडे बघून तिचं हसू थांबलं. जयवंत ड्रायव्हरला म्हणाला, "गाडी हाण रे जरा." चढ होता. गाडी तेवढीच चालली.